‘ऐकलं’ न म्हणणारी प्रेमला

प्रेमला गावच्या बैठकीत बसू लागली ती आपल्या हक्काने, असं तिला वाटायचं. बाकीच्यांना ती मेहेरबानी वाटायची. या दोन्ही समजुती वीस-बावीस वर्षं एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि कोणाचं काही अडलं नाही.

दांडीजवळ, खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तिचं गाव होतं. पुढे समुद्र, बाजूला खाडी आणि मागे बोईसरकडे जाणारा रस्ता. एकोणीसशे पंचाहत्तरच्या भादव्यात तिच्या नवऱ्याची, जानूची होडी परत आली, जानू आला नाही. होडीवरच्या माणसांनी काय झालं ते सांगितलं आणि मान खाली घालून जाळी उतरवायला लागली. प्रेमला तेव्हा पंचविशीच्या आत होती. मूलबाळ नव्हतं.

त्या गावात एक रीत होती. सगळ्या गावाला लागू होईल असा नियम करायचा तर आधल्या दिवशी सुका नावाचा गडी दारोदार जाऊन हाक द्यायचा. कशाबद्दल बैठक आहे ते दारात उभं राहून सांगायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस देवळाच्या ओट्यावर येऊन बसायचं. बैठका भांगाच्या दिवसांत व्हायच्या, म्हणजे जेव्हा भरतीला जोर नसतो, जाळ्यात फारसं काही येत नाही आणि पुरुष घरी असतात. बोलणं संपलं की एकेका घराने म्हणायचं, “ऐकलं.” ‘ऐकलं’ म्हणजे मान्य केलं असं नव्हे. मला सांगितलं गेलं, मला बोलू दिलं, आता मी बांधलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या घराने ‘ऐकलं’ म्हटलं नाही तर नियम तसाच लटकत राहायचा.

जानू गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीची हाक सुकाने सवयीने तिच्याही दारावर दिली. “जानूच्या घराला हाक हाय,” असं म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो गोरामोरा झाला. प्रेमला दुसऱ्या दिवशी ओट्यावर जाऊन बसली. पुरुषांमध्ये कुजबुज झाली. तेव्हाचा म्हातारा पाटील म्हणाला, “हाक तिच्या दारावर गेली ना? दार उघडायला कोण आलं? मग बसू द्या तिला.” गावात दुसऱ्या कुठल्या बाईला असं बसायला मिळालं नव्हतं. ती टोकाला, खांबाला टेकून बसायची. कमी बोलायची. आपली पाळी आली की स्पष्ट आवाजात “ऐकलं” म्हणायची आणि पदर सावरून घरी यायची. त्या दिवशी तिच्या चुलीवरचा भात तिला जास्त चांगला लागायचा.

या रितीवर तिचा जीव होता. एकदा खाडीच्या तोंडाशी बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी लावायची नाहीत असा नियम ठरत होता. सगळ्यांनी ‘ऐकलं’ म्हटलं, एक म्हातारा काही केल्या म्हणेना. त्याचं म्हणणं असं, की जाळं लावतो माझा लेक, तो गेलाय वेरावळला, त्याला कोणी विचारलेलं नाही. लोकांनी त्याला समजावलं, चेष्टा केली, शिव्याही दिल्या. पण लेक परत येईपर्यंत गाव थांबलं. लेक आला, वाटेल तसं बोलला, भांडला आणि शेवटी “ऐकलं” म्हणून घरी गेला. प्रेमला ही गोष्ट पुढे किती तरी जणींना सांगायची. सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

मधल्या काळात जानूची होडी किनाऱ्यावर वाळून फुटली. तिची लाकडं कोणी जळणाला नेली, कोणी कुडाला लावली. त्याबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही.

ऐंशीनंतर बोईसरच्या रस्त्याला, देवळापासून हाकेच्या अंतरावर, गावाच्याच जागेवर, कोळंबी सोलायची शेड उभी राहिली. शेठ बाहेरचा होता. सोललेली कोळंबी बर्फात घालून मोठ्या कारखान्यात जायची आणि तिथून बोटीने युरोपात. गावातल्या बायका उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून सोलायला लागल्या. बर्फाने बोटांची टोकं पांढरी पडायची, कोळंबीच्या काट्याने नखांच्या कडा फाटायच्या. तरी उन्हातान्हात टोपली घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा ते बरं होतं. प्रेमला थोड्याच वर्षांत तिथली मुकादमीण झाली.

श्रावणात गावच्या होड्या बंद असल्या तरी शेठ बाहेरून कोळंबी आणायचा आणि हात कमी पडायचे. तेव्हा मनोरकडच्या पाड्यांवरून वारली बायका यायच्या. भाताची लावणी उरकलेली, कापणी लांब आणि घरातलं धान्य संपलेलं, असे त्यांचे ते दिवस. शेडच्या मागे त्यांनी कुडाच्या झोपड्या घातल्या होत्या. भागी त्यांची म्होरकी. पहिल्या वर्षी कोळंबी हातात घेताना ती अंग चोरायची.

“बाय, याचं डोळं बघ कवढं! माझ्याकडंच बघतंय ते.”

“आणि तू डोंगरातले खेकडे खातेस, ते काय आंधळे असतात गं?” प्रेमला म्हणाली. सगळी शेड हसली, भागी सगळ्यांत मोठ्याने.

पुढे भागीचा हात इतका चालू लागला, की गावातल्या बायका तिच्याकडे तिरक्या नजरेने बघायच्या. चिमी नावाची तिची धाकटी मुलगी पोत्यावर झोपलेली असायची. प्रेमला येता-जाता तिच्या अंगावरच्या माश्या हाकलायची.

शेडमध्ये धुण्यासाठी टाकीचं पाणी होतं, औषध घातलेलं, उग्र वासाचं. धुणं त्याच पाण्याने करायचं, असा शेठचा हुकूम होता. डोंगरावरच्या बायकांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं, त्या नळाखाली धुवायच्या. गावातल्या बायकांना मात्र ते पाणी पटत नसे. गोड्या पाण्याने कोळंबी फिकी पडते, तिची चव जाते, हे त्या आईच्या पोटात असल्यापासून ऐकत आल्या होत्या. भरती चढली की त्या गुपचूप टोपल्या उचलून खाडीवर जायच्या आणि खाऱ्या पाण्यात कोळंबी खळबळून आणायच्या. मग ती आरशासारखी चमकायची. अलीकडे खाडीचा रंग बदलला होता. वरच्या अंगाला कारखाने वाढले होते आणि कधी कधी पाण्यावर पिवळट फेस यायचा. बायका हाताने फेस बाजूला सारायच्या आणि खालच्या पाण्यात टोपली बुडवायच्या. वरचं ते घाण, खालचं समुद्राचं, असा त्यांचा हिशेब. प्रेमलाही तसंच करायची. मुकादमीण म्हणून तिनेच ते चालू दिलं होतं.

सत्त्याण्णव सालचा श्रावण. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्यांना रंग लागत होता. एका सकाळी शेडचा सुपरवायझर कमलाकांत आला आणि त्याने बर्फाची गाडी परत पाठवली. कमलाकांत पालघरचा, कॉमर्स शिकलेला, स्वभावाने मऊ.

“युरोपने आपला माल बंद केला,” तो म्हणाला.

“आपल्या शेडचा?”

“सगळ्या देशाचा. कोणाच्या तरी मालात रोगाचे जंतू सापडले. चांगला-वाईट सगळा माल बंद.”

“कोण म्हणालं बंद?”

“पंधरा देश आहेत, प्रेमलाबाई. त्यांनी मिळून एक कायदा केलाय. खाणाऱ्याच्या जिवाला धोका नको म्हणून.”

प्रेमलाने ओले हात लुगड्याला पुसले. “धोका नको ते बरोबर. त्यांची पण पोरं खातात. पण ठरवताना आपल्यातलं कोण होतं तिथं?”

कमलाकांत हसला. मग ती थट्टा करत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. “आपलं कोण असणार? त्यांच्यातल्या कोणाला तो कायदा चुकीचा वाटला, तर तो कोर्टात जातो. त्यांचं मोठं कोर्ट आहे त्यासाठी.”

“आणि आमी?”

“आपल्यासाठी जगाच्या व्यापाराचं एक मंडळ आहे. तिथे तक्रार करता येते, पण ती देशाने करायची. माणसाने नाही.”

“देशानं म्हंजे?”

“सरकारने.”

“सरकारला आपली शेड ठाव हाय?”

 कमलाकांत नळ नीट बंद करत राहिला.

त्या दिवशी प्रेमला घरी गेली ती धुमसत. हाक नाही, बैठक नाही, कोणी दारात आलं नाही, आणि पोटावरचा नियम मात्र होऊन बसला. ती शेजारणीला म्हणाली, “मोठे देश म्हणं! आमच्या सुकाएवढी अक्कल नाय त्यांना.” शेजारीण म्हणाली, “मग पाठव सुकाला तिकडं. पंधरा देशांत हाका देत फिरंल.” दोघी हसल्या. हसून झाल्यावर प्रेमलाला अधिकच वाईट वाटलं.

पुढचे दिवस शेड रिकामी राहिली. भागी आणि तिच्याबरोबरच्या बायका झोपड्यांच्या दारात बसून असायच्या. परत जावं तर पाड्यावर काही नव्हतं, म्हणून काम सुरू व्हायची वाट बघत होत्या. मग शेठचा निरोप आला. युरोपची माणसं तपासणीला येणार, ज्या जागा स्वच्छ दिसतील त्यांचा माल पुन्हा सुरू होईल. शेडमागच्या झोपड्या हटल्या पाहिजेत. ती जागा गावाची होती, म्हणून गोष्ट बैठकीत आली. सुका दारोदार फिरला. त्याने प्रेमलाच्या दारावरही हाक दिली. झोपड्यांकडे जायचं त्याला कारण नव्हतं.

आता गावचा कारभार पुंडलिककडे होता. तो जानूचा चुलतभाऊ, प्रेमलाचा थोरला दीर. तीन होड्यांचा मालक. गडी सरळ होता, पण घाईचा. ओट्यावर सगळे जमल्यावर त्याने पाल्हाळ लावलं नाही.

“झोपड्या काढायच्या. आणि यापुढं शेडमध्ये गावच्याच बायका. डोंगरावरच्या येतात, तिथंच ऱ्हातात, तिथंच सगळं करतात. रोगाचे जंतू काय वरून पडले? काम आधीच कमी होणार. आपल्या बायकांना पुरलं म्हंजे झालं.”

माना हलल्या. एकेक घर “ऐकलं” म्हणू लागलं. शब्द ओट्यावरून पुढे पुढे सरकत आला आणि खांबाजवळ येऊन थांबला.

“मी ऐकलं नाय,” प्रेमला म्हणाली.

“बहिरी झालीस काय गं?” मागून कोणी तरी म्हणालं.

“पुंडलिकदादा, खाडीच्या पाण्यात कोळंबी आमी धुतो. गावच्या बायका. तुमची सून धुते, मी धुते. डोंगरावरच्या नळाखाली धुतात. जंतू शोधायचे तर आमच्या टोपलीत शोधा.”

ओट्याखाली उभ्या असलेल्या बायकांमध्ये खळबळ झाली. हंसा नावाची पुंडलिकची सून तिथूनच ओरडली, “काकी, तुला काय वेड लागलंय? आपल्याच पायावर धोंडा मारतेस?”

“खरं ते सांगते. आणि दुसरं ऐका. युरोपवाल्यांनी आपल्याला इचारलं नाय म्हणून पंधरा दिवस सगळे शिव्या घालताय. मग भागीला कोणी इचारलं?”

“भागीचं घर हाय का या गावात?” पुंडलिक म्हणाला.

“आपलं घर हाय का युरोपात?”

 एक-दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुकाने बिडी विझवली. प्रेमलाला वाटलं, पोहोचलं. 

मग पुंडलिक शांतपणे म्हणाला, “प्रेमला, घर म्हंजे काय ते आधी ठरवू. आपल्या वाडवडलांनी घर धरलं ते होडीवर. ज्याची होडी, त्याचं घर बैठकीत. जानूची होडी कुठाय?”

तिने किनाऱ्याकडे पाहिलं.

“इतकी वर्सं आमी बसू दिलं. बाईमाणूस, एकटी, म्हणून. कोणी काय बोललं नाय. पण गावाच्या पोटावर उठायचं असंल तर नियम नियम हाय.” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “होडी नसलेलं घर बैठकीत धरायचं नाय. ऐकलं?”

“ऐकलं,” पहिला म्हणाला. दुसरा थोडा थांबून म्हणाला. तिसऱ्याने खाली बघत म्हटलं. शब्द पुन्हा सरकत सरकत आला. या वेळी खांबाजवळ थांबला नाही. तिच्या अलीकडच्या घरावरून पलीकडच्या घरावर गेला, जणू मध्ये नुसता खांबच होता. तिने वर पाहिलं तेव्हा आधीचा नियमही झाला होता, कारण आता ‘ऐकलं’ म्हणायचं कोणी राहिलं नव्हतं. लोक चपला शोधू लागले.

झोपड्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. काढणारे काही वाईट वागले नाहीत. भांडीकुंडी बाजूला ठेवली, एकाने कूड सोडवायला मदत केली. प्रेमला त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. आपली जागा गेल्याचं दुःख तिच्या मनात इतकं भरून राहिलं होतं, की भागीची जागा गेल्याचं दुःख त्यात वेगळं दिसत नव्हतं. दुपारी डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका रस्त्याने गेल्या ते तिने दाराच्या फटीतून पाहिलं. चिमी आईच्या कडेवर झोपली होती.

तपासणीची माणसं आली ती मोठ्या कारखान्यांत. रस्त्याकडेच्या शेडकडे कोणी फिरकलं नाही. काही महिन्यांनी युरोपचं दार किलकिलं झालं आणि कमलाकांत शेवटचा येऊन सांगून गेला, की शेठने आता कोळंबी कारखान्याच्या आतच, फरशीच्या खोल्यांत सोलायची ठरवली आहे. या असल्या शेड त्याला नकोत. गावच्या बायकांचंही काम गेलं. मग लोकांना कारण हवं होतं. पंधरा देश लांब होते, शेठ भेटत नव्हता, प्रेमला तिथेच होती. “हिनं तोंड उघडलं आणि ते कुठनं कुठं गेलं,” असं बायका म्हणू लागल्या. विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं. हंसा तिच्याशी बोलेनाशी झाली. सुका हाक द्यायला निघाला की तिच्या दारापुढून जाताना पावलं जलद टाकायचा.

ती सुकी मासळी विकू लागली. गावात तिच्याकडून कोणी घेईना, म्हणून पाटी डोक्यावर घेऊन एस.टी.ने मनोरच्या बाजारात जायची. हायवेच्या कडेला, धुळीत, पोत्यावर सुकट आणि बोंबील मांडून बसायची. भागी कधी तरी भेटेल असं तिला वाटायचं. भेटली की तिला सगळं सांगायचं, आपण कशा उभ्या राहिलो, काय बोललो, त्यापायी आपलं काय गेलं. मनातल्या मनात तिने ते किती तरी वेळा सांगून पाहिलं होतं.

भागी भेटली ती होळीच्या आधी. तीच, पण गालांची हाडं वर आलेली. प्रेमलाने हाक मारली तशी ती थांबली, उकिडवी बसली.

“चिमी कुठं?”

“गेली. अश्विनात.” भागी सुकट चिवडत म्हणाली. “घरात दाणं नव्हतं, रानातला कडुकंद उकडून देत व्हतो. तिच्या पोटात ठरला नाय.”

प्रेमलाने पोत्यावरचे बोंबील सारखे केले. पण इतके दिवस मनात धरून ठेवलेलं होतं, ते आपोआप बाहेर येऊ लागलं. तिने बैठक सांगितली. पुंडलिक काय म्हणाला, आपण काय म्हणालो. खाडीच्या पाण्याचं सांगितलं. युरोपातल्या घराचं सांगितलं. आपलं नाव कसं गाळलं ते दोनदा सांगितलं. भागी सुकट चिवडत राहिली.

“हे सगळं आमच्यासाठी बोललीस?” शेवटी तिने विचारलं.

“हो गं. तुझं म्हणणं कोणी तरी मांडायला नको?”

“माझं म्हणणं तुला काय ठाव?” भागीचा आवाज चढला नाही. “त्या नळाच्या पाण्यानं आमच्या हाताला फोड यायचं. काम नको, घरी जाऊ, असं दोघी-तिघी म्हणत व्हत्या. मी म्हणत व्हते, भाताचं दाणं द्या आन मंग झोपड्या काढा. झोपडी गेली तर गेली, पण दाणं तरी द्या. ते मी पुंडलिकला सांगितलं असतं. शेडच्या मागंच व्हतो आमी, बाय. तुमचं बोलणं आमच्या दारात येत व्हतं. कोणी ये म्हणालं असतं तर आलो असतो.”

 त्या दिवशी ओट्यावर इतकं सगळं बोलताना, भागीला बोलावून आणावं हे प्रेमलाच्या एकदाही मनात आलं नव्हतं. आत्ता कळलं तेही भागीने सांगितल्यावर.

भागीने मूठभर सुकट पानात बांधून घेतली. प्रेमला आणखी घालायला गेली तर तिने पान मागे ओढलं. “बास. एवढीच पायजे.” मग ती उठली आणि मिठाच्या दुकानाकडे गेली. तिथे बऱ्याच बायका होत्या. थोड्या वेळाने त्यांतली भागी कुठली ते प्रेमलाला पाठमोरं ओळखता येईना.